थंडीच्या लाटेची वाट

विदर्भाची ख्याती उन्हाची आहे आणि ती आम्ही इमानेइतबारे सांभाळत आलो आहोत. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करून आमच्या जिवंतपणाची खात्री करून घेतात. अशा मुलखात जन्म घेऊन ज्याला थंडीचा शौक जडला, त्याला मात्र कोणी वाली नाही. उन्हाने हैराण झालेल्याला सहानुभूती मिळते, पावसाची वाट पाहणाऱ्याला शेतकरी म्हणून मान मिळतो, पण थंडी अजून का पडत नाही म्हणून डिसेंबरभर कासावीस होणाऱ्या माणसाकडे गाव ‘याला दुसरे काम नाही’ अशाच नजरेने पाहते. मोर्शी तालुक्यातील आमच्या गावात असे आम्ही तिघे आहोत: एक निवृत्त गुरुजी, सेवा सहकारी सोसायटीचे सचिव आणि मी.

आमची खरी इच्छा बर्फाची आहे, पण ती चारचौघांत बोलून दाखवण्याची सोय नाही. गुरुजींचे म्हणणे असे की हिवाळ्यात आमच्या डोक्यावर साधारण चार किलोमीटर उंचीवर हवेचे तापमान शून्यावर आलेले असते. मोर्शी त्याहून दूर आहे. म्हणजे बर्फ होण्याजोगी हवा आम्हाला तालुक्याच्या ठिकाणापेक्षा जवळ आहे, फक्त तिकडे एसटी जात नाही. वरून एखादा हिमकण निघालाच तर खाली पोचेपर्यंत त्याचे पाणी होते, आणि डिसेंबरात बहुधा ते पाणीही येत नाही. त्या दिवसांत आमची शेते पांढरी दिसतात ती कापसाने, आणि तीही वेचणीला मजूर मिळाले नसतील तर. तेव्हा आम्ही मागणी खाली आणली आहे. थंडीची एक खणखणीत लाट यावी, पहाटे दहिवर गोठावे आणि गवताच्या पात्याला पांढरी कड दिसावी, एवढ्यावर आम्ही राजी आहोत. लोकांपुढे मात्र आम्ही पिकांचे कारण देतो. थंडीने गव्हाला फुटवे चांगले येतात, आंबिया बहारासाठी संत्र्याच्या झाडाला थंडीचा आणि पाण्याचा ताण बसावा लागतो, हे सगळे खरेच आहे. पण सचिवांकडे संत्र्याचे एकही झाड नाही आणि गुरुजींचा गहू रेशनचा आहे.

आमच्या आशेचा उगम भूमध्य समुद्राच्या बाजूला होतो. तिकडून निघालेला पश्चिमी झंझावात इराण, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ओलांडून जम्मू-काश्मीरवर येतो, पहाडांवर बर्फ टाकतो आणि पुढे सरकतो. तो सरकल्यावर उत्तरेचे कोरडे, थंड वारे मोकळे सुटतात आणि पंजाब, दिल्ली, मध्य प्रदेश असे करीत सातपुडा ओलांडून आमच्याकडे उतरतात. काश्मिरात २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा कडक हिवाळा धरतात आणि त्याला ‘चिल्लई कलान’ म्हणतात. ही तारीख गुरुजींच्या कालदर्शिकेवर लाल शाईने गोल केलेली असते आणि एकादशी त्यांच्या लक्षात असो वा नसो, ही असते. गुलमर्गला हिमवृष्टी झाल्याची बातमी आली की आमच्या ओसरीवर चहा टाकला जातो. तिथून इथवर थंडी पोचायला दोन-तीन दिवस लागतील, असा हिशेब बोटांवर मांडला जातो आणि सायंकाळपर्यंत ही वार्ता किराणा दुकानावर पोचलेली असते.

किराणा दुकान हे आमच्या अपमानाचे अधिकृत स्थान आहे. “काय जी गुरुजी, लाट निघाली म्हणत होते ना?” दुकानदार तराजूतून नजर न काढता विचारतो. गुरुजी शांतपणे सांगतात की ती ग्वाल्हेरपर्यंत आलेली आहे. “मंग पायीच येऊन रायली का जी? बैतूलचा घाट चढाले टाइम लागत असन बाप्पा तिले.” बाकावरचे सगळे हसतात, आणि हे सगळे जण त्या वेळी कानाला मफलर गुंडाळून बसलेले असतात, ही गोष्ट आम्ही सभ्यपणे बोलून दाखवत नाही.

लाट कशाला म्हणावे याचेही नियम आहेत. मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली असावे आणि ते सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी कमी असावे, तेव्हा हवामान खाते थंडीची लाट म्हणते. घट ६.४ अंशांहूनही अधिक झाली तर लाट तीव्र ठरते. सरासरी १२ असेल तर साडेसातपर्यंत उतरल्याशिवाय आमच्या कुडकुडण्याला सरकारदरबारी नाव मिळत नाही. आठ अंशांत दात वाजत असले तरी ती नुसती थंडी. शिवाय ती मोजली जाते अमरावतीला किंवा नागपूरला. आमच्या गावाची थंडी कुठल्याच दप्तरी नाही. हा अन्याय दूर व्हावा म्हणून मी अमरावतीहून एक तापमापक आणला. तो जमिनीपासून चार फुटांवर, हवा खेळेल पण ऊन लागणार नाही अशा पांढऱ्या झापाच्या पेटीत ठेवायचा असतो, असे गुरुजींनी वाचलेले होते. सचिवांनी संत्र्याची लाकडी पेटी मिळवली, तिच्या पट्ट्यांमध्ये फटी आयत्याच होत्या. तिला चुना मारून आम्ही ती अंगणातल्या खांबावर ठोकली.

हे यंत्र पहाटे वाचणे ही एक साधना आहे. पारा सर्वांत खाली जातो तो सूर्योदयाच्या सुमारास, म्हणून अंधारातच उठावे लागते. बॅटरीचा उजेड तिरपा धरावा लागतो, नाही तर काचेवर चमक येते आणि लाल रेघ दिसेनाशी होते. तोंड जवळ न्यावे तर स्वतःच्याच श्वासाने काच धुरकटते आणि रेघ हळूच वर सरकू लागते, म्हणून दम रोखून, मान लांब करून, एका डोळ्याने वाचायचे. एकदा सगळीकडे हुडहुडी भरलेली असताना आमचा पारा थेट १९ दाखवत होता. आम्ही वाऱ्याची दिशा, बंगालचा उपसागर, सगळ्यांवर संशय घेऊन झाल्यावर पेटीतून शेजारच्यांची कोंबडी बाहेर आली. रात्रभर ती तिथेच मुक्कामाला होती.

खरे वैर मात्र ढगांशी आहे. उत्तरेचा वारा सुटलेला असतो, पारा रोज अर्धा-पाऊण अंश खाली येत असतो, उद्या-परवा एक आकडी होणार अशी बोलणी चाललेली असतात, आणि नेमक्या त्या सायंकाळी पश्चिमेकडे न पाहता आम्ही पूर्वेकडे पाहतो. बंगालच्या उपसागरात कुठेतरी कमी दाबाचे क्षेत्र तयार झालेले असते आणि वाऱ्याने दिशा बदललेली असते. दमट हवा आली की ढग आले, आणि ढग आले की संपले. एरवी निरभ्र रात्री जमिनीची ऊब आकाशात निघून जाते. ढग असले की तीच ऊब त्यांच्याकडून परत येते आणि अख्ख्या जिल्ह्यावर कोणी गोधडी टाकल्यागत रात्र उबदार होते. आमच्या घरात याचे एक वेगळे शास्त्र आहे. “तुम्ही स्वेटरं उन्हात घालाले लावता नं, म्हणून जाते थंडी,” असे सौभाग्यवतींचे ठाम मत आहे, आणि आजवरचा अनुभव पाहता मला ते खोडून काढता आलेले नाही.

ढगांपाठोपाठ धुवारी, म्हणजे दाट धुके, येते, आणि मग आमची बाजू पार लंगडी पडते. तुरीचा फुलोरा धुवारीने गळतो, ढगाळ हवेत हरभऱ्यावर घाटेअळी चढते. शेजारचे काका धुऱ्यावर उभे राहून तुरीची फांदी हलवतात, पिवळी फुले त्यांच्या हातावर गळून पडतात आणि ती हातावर तशीच ठेवून ते माझ्याकडे पाहतात. ही थंडी नव्हे, हा थंडीचा पराभव आहे, आम्हीही तुमच्याइतकेच दुःखी आहोत, हे त्यांना समजावून सांगणे कठीण जाते. गावाच्या लेखी जे काही वातावरणात बिघडते ते आम्ही मागितलेले असते.

त्यात महाबळेश्वरचा फोटो येतो. वेण्णा तलावाकाठी गोठलेल्या दवाचा तो फोटो दरवर्षी वर्तमानपत्रात असतो आणि दरवर्षी कोणीतरी तो आमच्या पुढ्यात आणून ठेवतो. एका हिवाळ्यात चिडून आम्ही तिघे चिखलदऱ्याला गेलो. सातपुड्यात अकराशे मीटरच्या आसपास उंची, विदर्भाचे एकमेव थंड हवेचे ठिकाण, तिथे कॉफीची झाडेसुद्धा आहेत, मग दहिवर गोठायला काय हरकत होती? पहाटे आम्ही दरीच्या कठड्यापाशी जाऊन उभे राहिलो. माकडटोप्या घातलेले पर्यटक होते, गरम चहा होता, गवत ओले होते आणि फक्त ओले होते. घरी परतल्यावर कळले की त्या रात्री खाली सपाटीवर अधिक गारठा होता. वारा नसलेल्या निरभ्र रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली येते आणि खोलगट भागात साचते, ही माहिती गुरुजींनी परतीच्या गाडीत दिली. जाताना दिली असती तर डिझेल वाचले असते, असे सचिव म्हणाले.

आणि तरी एकदा ती आली होती. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला. १९३७ च्या जानेवारीतला ३.९ चा जुना विक्रम त्या पहाटे मोडला. ज्या रात्रीसाठी आम्ही आयुष्य काढले, त्या रात्री मी यात्रेच्या बसने रामेश्वरला गेलो होतो आणि धर्मशाळेत पंख्याखाली झोपूनही मला घाम फुटलेला होता. गुरुजी गावात होते, पण दारे-खिडक्या लावून दोन दुलया घेऊन इतके गाढ झोपले की त्यांना ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातून कळले. उरले सचिव. त्यांच्या शेताची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती, म्हणून ते गव्हाला ओलीत करीत पहाटेपर्यंत पाण्यात उभे होते. एका दांडाचे पाणी दुसऱ्या दांडात वळवताना फावड्याचा दांडा हाताला चिकटल्यासारखा वाटत होता आणि बांधावरचे गवत पायाखाली करकर वाजत होते, असे त्यांनी मला फोनवर सांगितले. मी अधीर होऊन विचारले, “पांढरं होतं का?” सचिव बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “भाऊ, पाय कुठी हायेत तेच समजत नव्हतं, गवत कोन पाहते?” तेव्हापासून ते आमच्या बैठकीला येतात खरे, पण हिवाळ्यात दिवसाची वीज मिळावी अशा अर्जावर त्यांची सही सर्वांत वर असते.

आमच्याकडे बर्फ अजिबात पडत नाही असे मात्र नाही. गारांच्या रूपात तो पडतो, आणि त्याला थंडी लागत नाही, उलट तापलेली जमीन लागते. वर चढणारी उष्ण हवा थेंबांना उचलून गोठणाऱ्या थरापर्यंत नेते, आणि जड झालेल्या त्या गारा उभ्या पिकावर येऊन आदळतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात आणि मराठवाड्यात गारपिटीने गहू झोपला, हरभरा गेला, संत्रा झाडाखाली पडला. अशा वेळी पांढऱ्या झालेल्या अंगणांचे फोटो ‘आपल्याकडेच काश्मीर’ असे लिहून मोबाइलवर फिरतात. ते फोटो आम्ही तिघेही पुढे पाठवत नाही. त्या दिवशी आमच्या ओसरीवर चहाही होत नाही.

आम्हाला धीर येतो तो इतरांच्या दुःखाने, हे मान्य करायला हवे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गला बरेच दिवस बर्फच नव्हता. बर्फावर घसरायला गेलेली माणसे कोरड्या उतारांवर हिंडत होती आणि हिमवृष्टी आली ती महिना सरता सरता. तेथील लोकही रोज आकाशाकडे पाहून अंदाज वाचत असतील, त्यांच्याही किराणा दुकानात कोणी त्यांना विचारत असेल, या कल्पनेने गुरुजी त्या महिन्यात दोन चहा जास्त प्याले.

संक्रांत झाली की आमचा मुद्दा दिवसेंदिवस कमजोर होत जातो. तुरीच्या शेंगा उकडून खाऊन होतात, सोल्यांच्या भाजीचे वार संपतात, दुपारी अंगणात बसवत नाही. तरीही गुरुजी सांगतात की फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एक झंझावात येतो आहे, हिमाचलला इशारा दिलेला आहे आणि एखादा शेवटचा झटका आपल्यालाही बसू शकतो. परवा हेच ते किराणा दुकानावर सांगत होते. दुकानदाराने सगळे ऐकून घेतले आणि कूलरच्या ताट्या आत्ता सांगितल्या तर जुन्या भावात मिळतील, एप्रिलात हाल होतील, असे सांगितले. गुरुजींनी एक सांगितली, मी दोन, आणि सचिवांनी खिडकीचे माप आणायला घराकडे सायकल वळवली.