अमेरिकी पोलिसाचा परवाना: फिरत्या संदेशातले चार दावे आणि वस्तुस्थिती

सध्या एक संदेश जोरात फिरतो आहे. त्याचा आशय असा: 'अमेरिकेत पोलिसाला डॉक्टरसारखा परवाना असतो आणि तो केंद्र सरकार देते. दर तीन वर्षांनी परीक्षा देऊन तो नव्याने मिळवावा लागतो. नोकरीवरून काढले की परवानाही जातो. आणि एकदा परवाना गेला की देशात कुठेही पुन्हा वर्दी मिळत नाही.'

परवाना असतो, हे खरे. टेक्सास आणि न्यू जर्सीत त्याला 'लायसन्स' म्हणतात, कॅलिफोर्नियात 'सर्टिफिकेट', म्हणजे प्रमाणपत्र. पण त्याभोवती रचलेली बाकीची वाक्ये एकतर चुकीची आहेत किंवा एखाद्या राज्याचा नियम साऱ्या देशावर लादणारी आहेत.

'केंद्र सरकार देते'

नाही. हा विषय राज्यांचा. प्रत्येक राज्याचे मंडळ किंवा आयोग वेगळा. त्याला सरसकट 'पोस्ट' म्हणतात, म्हणजे पीस ऑफिसर स्टँडर्ड्स अँड ट्रेनिंग. कॅलिफोर्नियाचा आयोग १९५९ सालचा आहे. देशात सुमारे १८,००० पोलीस यंत्रणा आहेत: शहर पोलीस, शेरीफ (काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे पोलीस), राज्य पोलीस, विद्यापीठांचे पोलीस. नेमणूक यंत्रणा करते आणि पात्रता राज्याचा आयोग ठरवतो. एफबीआयसारख्या केंद्रीय यंत्रणांचे प्रशिक्षण व नियम स्वतंत्र आहेत. त्यांचा या प्रमाणपत्राशी संबंध नाही.

प्रमाणपत्र देण्याचा अधिकार आहे म्हणजे ते काढून घेण्याचाही असणार, असे आपण गृहीत धरतो. तसे नव्हते. २०२० उजाडेपर्यंत कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्स या राज्यांकडे गैरवर्तनाबद्दल पोलिसाचे प्रमाणपत्र रद्द करण्याची चालती व्यवस्थाच नव्हती. मॅसॅच्युसेट्सचा कायदा डिसेंबर २०२० चा, कॅलिफोर्नियाचा २०२१ चा आणि न्यू जर्सीचा २०२२ चा. डॉक्टरांच्या परवान्याची जुनी, मुरलेली परंपरा इथे शोधू नये.

'दर तीन वर्षांनी परीक्षा'

तीन वर्षांची मुदत मॅसॅच्युसेट्स आणि न्यू जर्सीत आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये कायदा आला तेव्हा नोकरीत असलेल्यांना आधी प्रमाणित मानले गेले. मग आडनावाच्या आद्याक्षराप्रमाणे तीन गट पाडले: ए ते एचची मुदत १ जुलै २०२२ ला संपली, आय ते पीची २०२३ ला, क्यू ते झेडची २०२४ ला. पण हे नूतनीकरण म्हणजे परीक्षा नव्हे, ती कागदपत्रांची आणि चारित्र्याची तपासणी आहे. वार्षिक ४० तासांचे सेवांतर्गत प्रशिक्षण झाले का, प्रथमोपचार आणि सीपीआरचे (हृदय बंद पडल्यास छाती दाबून द्यायच्या उपचाराचे) प्रमाणपत्र चालू आहे का, तक्रारींची स्थिती काय, आणि यंत्रणेचा प्रमुख त्या माणसाच्या चारित्र्याची ग्वाही देतो का, हे पाहिले जाते. अडकायला होते ते बहुधा क्षुल्लक वाटणाऱ्या जागी. दीर्घ आजारपणात तास बुडालेले असतात, नाहीतर सीपीआरची मुदत टळलेली असते. अशा वेळी अटीवर प्रमाणपत्र देऊन ठरलेल्या मुदतीत त्रुटी भरून काढायला सांगतात.

कॅलिफोर्नियात चाल वेगळी आहे. खरी परीक्षा सुरुवातीलाच, अकादमीत होते: किमान ६६४ तास, लेखी चाचण्या आणि अभिनित प्रसंगांमधली कसोटी. त्यानंतर अनुभवी अधिकाऱ्याबरोबर रस्त्यावरचे किमान १० आठवडे. पुढे दर दोन वर्षांना २४ तासांचे प्रशिक्षण. गस्तीवरच्या अधिकाऱ्याला त्यातले १८ तास सराव सुटला की उतरणाऱ्या कौशल्यांसाठी द्यावे लागतात: अटक करून ताब्यात घेणे, गाडी चालवणे, बंदूक, बळाचा वापर आणि बोलून प्रसंग निभावणे. इथे एक चूक वारंवार होते. एखादा अधिकारी तपासकामाचा ४० तासांचा वर्ग पूर्ण करतो आणि आपला कोटा झाला असे समजतो. प्रत्यक्षात त्या १८ तासांचा रकाना रिकामाच असतो. सेवेत तीन वर्षे किंवा त्याहून मोठा खंड पडला, तर १३६ तासांचा पुनर्पात्रता वर्ग करावा लागतो.

टेक्सासमध्ये २४ महिन्यांत ४० तास. फ्लोरिडात चार वर्षांत ४० तास आणि दर दोन वर्षांनी बंदुकीची कसोटी. म्हणून 'अमेरिकेत इतक्या वर्षांनी' असे वाक्य दिसले की 'कोणत्या राज्यात?' हे आधी विचारावे.

'नोकरी गेली की परवाना गेला'

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे, आणि सगळ्यात जास्त नुकसानही इथेच होते. बडतर्फी हा मालकाचा निर्णय, प्रमाणपत्र रद्द करणे हा राज्याचा. दोन्हींचे कागद वेगळे, पुराव्याचे निकष वेगळे आणि अपिलाचे मार्गही वेगळे. बडतर्फ अधिकारी लवादाकडे जाऊन नोकरी परत मिळवू शकतो. उलट, नोकरी कायमची गेली तरी राज्याला कळवलेच नाही, किंवा कळवूनही राज्याच्या कायद्यात ते कारण बसत नसेल, तर प्रमाणपत्र जिवंत राहते. कित्येक राज्यांत बराच काळ गंभीर गुन्ह्यात दोषी ठरणे हेच रद्द करण्याचे मुख्य कारण होते. खोटा अहवाल किंवा मारहाण खटल्यापर्यंत पोचली नाही, तर आयोगाचे हात बांधलेले.

दुसरी पळवाट राजीनाम्याची. चौकशी रंगात आली की अधिकारी राजीनामा देतो, यंत्रणा सुटकेचा निःश्वास टाकून फाइल मिटवते आणि पुढच्या गावाला कळते एवढेच, की हा माणूस 'स्वेच्छेने' गेला.

कॅलिफोर्नियाच्या नव्या कायद्याने नेमकी हीच भोके बुजवायचा प्रयत्न केला. गंभीर गैरवर्तनाची तक्रार आली की यंत्रणेने १० दिवसांत आयोगाला कळवायचे. अधिकारी नोकरी सोडून गेला तरी चौकशी तडीला न्यायची. गंभीर गैरवर्तनाच्या यादीत खोटेपणा, अधिकाराचा गैरवापर, अवाजवी बळ, लैंगिक अत्याचार आणि पक्षपात तर आहेच, शिवाय सहकारी अवाजवी बळ वापरत असताना मध्ये न पडणे हेही आहे. अटक झाली किंवा आरोप निश्चित झाले, तर प्रमाणपत्र तात्पुरते निलंबित करता येते.

तरीही रद्द करणे झटपट होत नाही. आयोगाचा विभाग यंत्रणेचा अहवाल तपासतो, आधार दिसला तर अधिकाऱ्याला नोटीस देतो. त्याला फेरविचार मागायला ३० दिवस मिळतात. त्याने तो मागितला, तर नऊ सदस्यांच्या सल्लागार मंडळापुढे जाहीर सुनावणी होते आणि मंडळ शिफारस करते. ती मान्य व्हायला आयोगाच्या उपस्थित सदस्यांचे दोन-तृतीयांश मत लागते, आणि मग प्रकरण प्रशासकीय न्यायाधीशापुढे जाते. वेळ लागतो, पण माणसाची रोजीरोटी काढून घेताना हे टप्पे असायलाच हवेत, असे आमचे मत आहे. आमची तक्रार वेगाबद्दल नाही. ती पहिल्या पायरीबद्दल आहे, कारण यंत्रणेने कळवलेच नाही तर पुढची एकही पायरी सुरू होत नाही.

'देशात कुठेही पुन्हा वर्दी मिळत नाही'

असा देशव्यापी कायदा नाही. एका राज्याचे प्रमाणपत्र दुसऱ्या राज्यात आपोआप चालत नाही, हे खरे. राज्य बदलणाऱ्याला सूट मागावी लागते किंवा पूरक वर्ग करावा लागतो. पण एका राज्यातली बंदी दुसऱ्यावर आपोआप लागू होईलच, असेही नाही.

आहे ती नॅशनल डीसर्टिफिकेशन इंडेक्स नावाची सूची. ती राज्यांच्या आयोग-संचालकांची संघटना चालवते. त्यात चौकशीची फाइल नसते, फक्त अमुक राज्याने अमुक माणसावर कारवाई केल्याची खूण असते. तपशील त्या राज्याकडे विचारावा लागतो. माहिती देणे राज्यांच्या इच्छेवर असते. आणि ज्याचे प्रमाणपत्र रद्द होण्याआधीच तो राजीनामा देऊन गेला, त्याचे नाव बहुधा तिथे नसतेच. म्हणून सूचीत नाव नाही याचा अर्थ माणूस निष्कलंक आहे, असा होत नाही. केंद्राने राष्ट्राध्यक्षांच्या आदेशावरून डिसेंबर २०२३ मध्ये स्वतःच्या अधिकाऱ्यांच्या गैरवर्तनाची एक वेगळी नोंदवही सुरू केली होती. जानेवारी २०२५ मध्ये तो आदेश मागे घेतल्यावर तीही बंद झाली.

त्यामुळे भरवशाचे साधन एकच उरते: उमेदवाराकडून लेखी संमती घ्यायची आणि आधीच्या प्रत्येक यंत्रणेची फाइल मागवून वाचायची. कॅलिफोर्नियात आता ते बंधनकारक आहे. ते न केल्याचे उदाहरण ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंड शहराचे. २२ नोव्हेंबर २०१४ ला तिथे १२ वर्षांच्या तामिर राइसवर गोळी झाडणाऱ्या अधिकाऱ्याने त्याआधी जवळच्याच इंडिपेंडन्स शहराच्या पोलीस दलातून राजीनामा दिला होता. २०१७ मध्ये क्लीव्हलंडने त्याला बडतर्फ केले, तेही गोळीबारासाठी नव्हे, तर नोकरीच्या अर्जात खोटी माहिती दिल्याबद्दल. पुढे ओहायोतल्या बेलेअरने २०१८ मध्ये आणि पेनसिल्व्हेनियातल्या टायोगाने २०२२ मध्ये त्याला घेतले. दोन्हीकडे बोभाटा झाल्यावर तो बाजूला झाला. बंदुकीच्या सरावात त्याचे मन थाऱ्यावर नसल्याची नोंद इंडिपेंडन्सच्या फाइलमध्ये होती. नेमणूक करताना क्लीव्हलंडने ती फाइल पाहिली नव्हती.