पहिल्या शॉर्ट फिल्मला फुल-फ्रेमच हवा? कोण म्हणतं?

शॉर्ट फिल्म करायची म्हटलं की एक सल्ला हमखास पुढे सरकवला जातो: “कॅमेरा घ्यायचाच तर फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा घ्या. ४के हवंच. सगळे पैसे बॉडीत, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यात घाला, लेन्स नंतर. आवाज काय, एडिटमध्ये नीट होतो. आणि मोबाईलवर केलेल्याला सिनेमा म्हणत नाहीत.” हा सल्ला मी एकेकाळी निमूटपणे पाळला होता, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

फुल-फ्रेमशिवाय सिनेमासारखं दिसत नाही, हा पहिला. गंमत अशी की ‘फुल-फ्रेम’ हे माप मुळात सिनेमाचं नाहीच, फोटोचं आहे. ३५ मिमी फिल्म फोटोच्या कॅमेऱ्यात आडवी सरकते, म्हणून चौकट ३६ × २४ मिमीची मिळते. सिनेमाच्या कॅमेऱ्यात तीच फिल्म उभी धावते आणि चौकट साधारण २२ × १६ मिमीवर येते. आता स्वस्तातल्या एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमहून लहान मापाच्या कॅमेऱ्याचा सेन्सर (फिल्मच्या जागी चित्र टिपणारा भाग) बघा: साधारण २३.५ × १५.६ मिमी, कॅननचा किंचित लहान. म्हणजे थिएटरात वर्षानुवर्षं जे डोळे भरून पाहिलं, त्यातलं बरंचसं या ‘लहान’ मापाच्या आसपासचं. कमी उजेडात फुल-फ्रेम सरस ठरतो, हे कबूल. पण मागचं सगळं धूसर करायच्या हौसेपायी लेन्स पूर्ण उघडली, की नटाने मान जरा पुढे केली तरी फोकस सुटतो. मोठ्या सेटवर त्यासाठी वेगळा माणूस असतो. आपल्याकडे बहुधा आपणच असतो.

४के, म्हणजे साधारण चार हजार पिक्सेल रुंदीचं चित्र हवंच, हा दुसरा. २०१० साली आरी अलेक्सा हा सिनेमाचा डिजिटल कॅमेरा आला आणि मोठमोठ्या चित्रपटांचा लाडका झाला. १६:९ चौकटीत त्याच्या सेन्सरची रुंदी २,८८० पिक्सेल होती. ४के नव्हेच. उलट स्वस्त कॅमेरे ४के देताना कुठेतरी हात आखडता घेतात: कुणी चौकट कापतो, कुणी तापून बंद पडतो, कुणाचं चित्र कॅमेरा फिरवताना तिरकं होतं. १०० मेगाबिटच्या वेगाने तासाभराचं फुटेज ४५ जीबी भरतं, ते वेगळंच. एडिटमध्ये चौकट हलवायला ४के उपयोगी पडतं, एवढा त्याचा खरा फायदा. असेल तर छान. नसलं म्हणून चांगला कॅमेरा सोडू नका.

सगळे पैसे बॉडीत? नाकापेक्षा मोती जड. बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते, लेन्स आणि ट्रायपॉड टिकतात. वापरलेली बॉडी आणि एक ५० मिमी एफ/१.८ (भरपूर उजेड आत घेणारी) लेन्स एवढ्यावर कितीतरी काम निघतं. फक्त एपीएस-सीवर ती लेन्स फुल-फ्रेमवरच्या जवळपास ७५ मिमीसारखी वागते, म्हणजे चौकटीत कमी मावतं, लहान खोलीत पाठ भिंतीला टेकते, तेव्हा एक रुंद लेन्सही लागेल.

आणि आता ‘आवाज एडिटमध्ये नीट होतो’. सगळ्यात जास्त नुकसान या एका वाक्याने केलंय. माझ्या पहिल्या फिल्मचं चित्र आजही बरं दिसतं, पण संवाद विहिरीतून आल्यासारखे वाटतात, कारण माइक कॅमेऱ्यावर होता आणि नट दोन मीटर लांब. अंतर दुप्पट झालं की नटाचा थेट आवाज ६ डेसिबलने उतरतो. खोलीतला घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. अर्ध्या मीटरवरचा माइक दोन मीटरवर नेला की १२ डेसिबल गेले, आणि ऐकू येते ती खोली. एकसुरी घरघर सॉफ्टवेअर बऱ्यापैकी काढतं. घुमारा काढायला गेलं की आवाजच पत्र्यासारखा होतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? डबिंग करता येतं, पण नवख्या नटाकडून ओठ जुळवून तीच भावना पुन्हा काढून बघा एकदा. त्यापेक्षा कॉलर माइक लावलेला साधा मोबाईल नटाच्या खिशात ठेवा, शॉटच्या सुरुवातीला टाळी वाजवा आणि एडिटमध्ये टाळीवर टाळी जुळवा. कॅमेरा घेताना माइकचं सॉकेट आहे का, हे सेन्सरच्या आधी विचारा. हेडफोनचंही असेल तर दुधात साखर. स्वस्त बॉडीत ते बहुधा नसतं.

मोबाईलवरचा सिनेमा नसतो? २०१५ चा ‘टँजरीन’ हा चित्रपट आयफोन ५एसवर चित्रित झाला आणि थिएटरांत लागला. जोडीला वेगळी लेन्स आणि धक्के शोषणारा स्टँड होता, हे मोबाईलवाले सांगायचं विसरतात, तेवढं लक्षात असू द्या.

राहिला एक किरकोळ आक्षेप: फोटोचे कॅमेरे अर्ध्या तासात रेकॉर्डिंग थांबवतात. बऱ्याच जुन्या मॉडेल्सना २९ मिनिटं ५९ सेकंदांची मर्यादा आहे खरी. त्यामागे युरोपातल्या सीमाशुल्काचा नियम होता, ३० मिनिटांपुढे कॅमेरा ‘व्हिडिओ कॅमेरा’ ठरायचा. पण दहा मिनिटांच्या फिल्ममध्ये अर्ध्या तासाचा शॉट घेणार कोण?