डबा लपवण्यास परवानगी मिळणेबाबत

सरकारी जंगलात डबा लपवायचा, आणि लपवण्याआधी जंगलवाल्यांची हरकत नाही ना, हे बघायचं! जिओकॅशिंग या खेळातला हा नियम कळला आणि सिएटलच्या मुक्कामात मला पहिल्यांदा बरं वाटलं. तहसील कचेरीत आयुष्य गेलेल्या माणसाला इथे काम तरी काय? भांडी मशीन घासतं आणि भाजी शनिवारी गाडीतून येते.

खेळ साधा आहे. कुणीतरी डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी जीपीएस घेऊन तो हुडकायचा, आतल्या वहीत सही करायची आणि डबा होता तिथेच ठेवून घरी यायचं. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकी सरकारने जीपीएसच्या नागरी संकेतांत मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. जागा नेमकी कळू लागताच ओरेगन राज्यातल्या एका गृहस्थाने रानात बादली ठेवली, तीही अर्धवट पुरून. आज जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय खणून डबा ठेवायला मनाई आहे. म्हणजे खेळाच्या मूळ पुरुषाचाच अर्ज आता फेटाळला गेला असता.

“आजोबा, आपणपण लपवू या ना,” नात म्हणाली. मी नकाशा पसरला. माउंट रेनियर नॅशनल पार्कात असे डबे साधारणपणे चालत नाहीत. त्याला लागून असलेल्या माउंट बेकर-स्नोक्वाल्मी नॅशनल फॉरेस्टमध्ये चालतात. पार्क अंतर्गत कामकाज खात्याकडे आणि फॉरेस्ट शेतकी खात्याकडे. झाडं तीच, साहेब निराळे! शिवाय फॉरेस्टच्या पोटात १९६४ च्या कायद्याने राखलेलं ‘विल्डरनेस’, म्हणजे निसर्गावरच सोडलेलं रान असतं, तिथे पुन्हा मनाई. एकाच डोंगराला तीन नियम. माझे डोळे पाणावले. मुलाला वाटलं, देशाची आठवण आली.

डब्यावरून घरात वेगळंच रामायण झालं. या मंडळींचा लाडका डबा म्हणजे लष्कराची जुनी, हिरवी, पत्र्याची काडतुसांची पेटी. झाकणाला रबर असतं, त्यामुळे थेंबभर पाणी आत जात नाही. माझ्या मिशा, माकडटोपी आणि हातात ती पेटी, असं ध्यान झुडपात वाकलेलं दिसलं तर काय होईल, याचा विचार करून सूनबाई म्हणाली, “बाबा, पेटी नको.” मग श्रीखंडाचा रिकामा डबा निघाला. पण डब्यात खाऊ ठेवायला बंदी, कारण वासाने जनावरं येतात, आणि वेलचीचा वास काही केल्या जाईना. अमेरिकेतलं काळं अस्वल श्रीखंड खाईल का, यावर जेवण होईपर्यंत चर्चा चालली. शेवटी सूनबाईने आपला घट्ट झाकणाचा डबा दिला. मनापासून नव्हे.

मी अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, जागेचा नकाशा, सगळं तीन प्रतींत. रेंजर कार्यालयातल्या बाईंनी तो आदराने वाचला आणि म्हणाल्या, हौसेच्या एका डब्याला परवाना लागत नाही. विल्डरनेसमध्ये जाऊ नका, खणू नका, झाडाला खिळे ठोकू नका, झालं.

“हे लेखी मिळेल का?” मी विचारलं.

त्या हसल्या आणि एक नकाशा दिला. मी त्यावर सही-शिक्का मागितला, तेव्हा मुलगा गाडीत जाऊन बसला.

भर पावसात, शेवाळलेल्या ओंडक्यामागे डबा ठेवून आम्ही खेळाच्या वेबसाइटवर माहिती पाठवली. जाहीर होण्याआधी ती एक स्वयंसेवक तपासतो. त्याचं उत्तर आलं : दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं, आणि तुमच्या डब्यापासून त्याहून कमी अंतरावर आधीच एक डबा आहे. नकाशावर तो तिथे दिसत नव्हता, कारण तो कोड्याचा होता. कोडं सोडवल्याशिवाय त्याची खरी जागा कळतच नाही.

नात रडवेली झाली. मी मात्र चष्मा पुसून ते पत्र पुन्हा वाचलं. अर्ज तपासून, नियम दाखवून, रीतसर त्रुटी काढली होती! एवढंच की जावक क्रमांक कुठे दिसत नव्हता. तो मागवणारं पत्र मी त्याच रात्री धाडलं.