पाच गुणांचा फुटका कप

‘लेखकाच्या वाक्यरचनेमुळे आशयाला व हेतूला कशी पुष्टी मिळते, ते स्पष्ट करा. (गुण 5)’

शाळकरी पोर असलेल्या घरात हा प्रश्न रात्री साडेआठला उगवतो, तांबडा रस्सा नुकता उकळी धरत असताना. गाइडात उत्तर तयार असतं: ‘लेखकाची भाषा ओघवती, चित्रदर्शी व रसाळ आहे.’ हे कुठल्याही लेखकाला लागू पडतं. गुऱ्हाळावरच्या उसाच्या रसालाही पडतं. म्हणून पाचातले दीड मिळतात, तेही अक्षर बरं असेल तर.

या दुखण्यावर माझ्याकडं एकच औषध आहे. वाक्य समोर घ्यायचं आणि तेच सांगायला लेखकाला दुसरी वाट होती का, ते बघायचं. नसेल, तर कौतुक करायचं कारण नाही. असेल, तर त्यानं हीच का धरली, एवढंच उत्तर.

सरावाला चहाचा कप पुरतो. ‘मी कप फोडला.’ ‘माझ्याकडून कप फुटला.’ ‘कप फुटला.’ कप तोच, तुकडेही तेवढेच. पहिल्या वाक्यात गुन्हेगार छाती काढून उभा आहे. दुसऱ्यात तो ‘कडून’च्या आडोशाला गेलाय, आणि ‘फोडणे’चं ‘फुटणे’ झालंय. सकर्मकाचं अकर्मक झालं की कर्ता म्हणून कपावरच भागतं. तिसऱ्यात तर कपाला वैराग्य आलं आणि तो आपला आपण फुटला. व्याकरणाचं पुस्तक न उघडता चार वर्षांचं पोर थेट तिसऱ्या वाक्यावर येतं.

पुढं हीच पोरं मोठी होऊन पाण्याच्या सूचना लिहीत असावीत. ‘तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा होऊ शकणार नाही, याची नागरिकांनी नोंद घ्यावी व सहकार्य करावे.’ यातली क्रियापदं लाल पेननं अधोरेखित करा. पाणी येणं-न येणं हे ‘होतं’, म्हणजे पावसासारखं. ‘घ्यावी’ आणि ‘करावे’ ही दोन कामं मात्र माणसाची, आणि ती आपल्या वाट्याला. कळशी घेऊन रांगेत उभा राहणारा हाच अख्ख्या वाक्यात एकटा राबणारा आहे. हेतू आणखी काय वेगळा असतो?

इथं हुशार पोरं हमखास घसरतात. ‘पैलवानानं कुस्ती मारली’ हे वाक्य दिसलं की लिहितात, ‘येथे कर्मणी प्रयोग असल्याने लेखकाने कर्त्याला गौण केले आहे.’ प्रयोग बरोबर, निष्कर्ष पार चीतपट. सकर्मक क्रियापद भूतकाळात गेलं की मराठी बहुतेक वेळा कर्मणीतच बोलते. ‘कुस्ती’ स्त्रीलिंगी म्हणून ‘मारली’, एवढंच. लेखकाला तिथं निवड नव्हती, आणि पैलवान तर वाक्याच्या तोंडाशीच मांडी ठोकून उभा आहे. पण ‘कुस्ती बरोबरीत सोडवण्यात आली’ असं आलं, की थांबायचं. सोडवली कुणी? कोल्हापूरच्या खासबाग मैदानातलं सगळं पब्लिक तेच विचारत असतं, आणि वाक्य नेमकं तेवढंच सांगत नाही. इथं निवड आहे. इथं पेन टेकवा.

‘पण’ हा तर दोन अक्षरांचा न्यायाधीश. ‘मिसळ चांगली आहे, पण तिखट आहे,’ असं म्हणणारा पाहुणा बाहेरगावचा. ‘मिसळ तिखट आहे, पण चांगली आहे,’ म्हणणारा इथं रुळला. शब्द तेच, माप तेच, फक्त ‘पण’च्या पुढं जे येतं ते खरं मत; अलीकडचं सगळं शिष्टाचार. तिसरा म्हणतो, ‘तिखट असली तरी चांगली आहे.’ इथं संयुक्त वाक्याचं मिश्र झालं, तिखटपणा गौणवाक्यात गेला, आणि त्याला पंगतीत बसायची परवानगी राहिली नाही. (अस्सल कोल्हापूरकराचं वाक्य निराळंच: ‘जरा कट वाढ भावा.’ त्याचं पृथक्करण करू नये, वाटी पुढं करावी.)

मराठीत क्रियापद शेवटी बसतं. त्यामुळं ते पुढं आणलं की लगेच दिसतं. ‘बस गेली’ ही माहिती. ‘गेली बस!’ हा शोक. दुसऱ्यात जाणं आधी कळतं, आणि काय गेलं ते पळून धाप लागल्यावर.

‘वाक्ये लहान असल्याने लेखनाला गती येते’ हे वाक्य परीक्षेत फार खपतं. त्याला जपून हात लावा. ‘घिस्सा मारला. निसटला. पुन्हा धरला.’ इथं गती आहे, कारण प्रत्येक वाक्यात क्रियापद काम करतंय. ‘आजोबा गेले. बंद दार. वाळलेली तुळस.’ हीसुद्धा लहानच, पण शेवटच्या दोहोंत क्रियापदच नाही. माणूस जागच्या जागी उभा राहतो. लांबी मोजून काम भागत नाही. आत काय हलतंय, आणि आधीची वाक्यं केवढी होती, तेही बघावं लागतं. तीन लांबलचक वाक्यांनंतरचं दोन शब्दांचं वाक्य जसं लागतं, तसं नुसत्या दोन शब्दांचं लागत नाही.

लांब वाक्याचा नमुना हवा असेल तर लग्नपत्रिका काढा. ‘आमचे येथे श्री अंबाबाई व श्री जोतिबा यांच्या कृपेकरून’ इथून सुटलेलं वाक्य आजोबा, पणजोबा, मूळ गाव, सध्याचा पत्ता, नातू, पुतण्या असं फिरत ‘योजिले आहे’ला टेकतं. वाचणाऱ्याला दम लागतो, पण वाक्य मोडता येत नाही. मोडलं की कुणाचं तरी नाव पूर्णविरामाच्या पलीकडं जाईल आणि तो काका लग्नाला येणार नाही. एवढी हेतूला घट्ट बांधलेली वाक्यरचना दुसरीकडं शोधून सापडायची नाही.

तर पाच गुणांसाठी: उताऱ्यातलं एकच वाक्य निवडा, ते मोठ्यानं वाचा, मोडून दुसऱ्या तऱ्हेनं लिहा, काय गळालं ते एका ओळीत टाका, आणि त्या गळालेल्याची लेखकाला तिथं गरज का होती ते दुसऱ्या ओळीत. ‘ओघवती’ लिहायचं नाही.

हे सगळं सांगून वही पोराकडं सरकवली, की ते प्रश्नावर बोट ठेवतं.

“पप्पा, ‘स्पष्ट करा’चा कर्ता कोण?”

“अध्याहृत आहे. तूच की.”

“मला म्हणायचं असतं तर ‘कर’ म्हणाले असते. ‘करा’ आदरार्थी आहे,” असं म्हणून ते वही परत माझ्याकडं सरकवतं.