परदेशातून: आजोबांच्या काळातली पावडर अजून रानातच आहे

जर्मनीत येऊन अकरा वर्षं झाली, तरी सकाळी उठलं की आधी गावाकडचा ग्रुप बघतो. परभणी जिल्हा, कपाशी-तुरीचं काळं रान. सध्या तिथं वाद पेटलाय, एक गट म्हणतोय औषधांचे फवारे बंद करा, दोन-तीन वर्षांत जमीन शुद्ध होते, दुसरे म्हणायलेत जुन्या लोकांची शेती मुळात शुद्धच होती. मला दोन्ही पटत नाही.

जुन्या लोकांनीच तर ज्वारीवर बीएचसी नावाच्या कीडनाशकाची भुकटी धुरळली, आमच्या खळ्यावरच्या खोलीत पोती असायची, तो वास अजून नाकात आहे. असंच दुसरं कीडनाशक डीडीटी आपल्याकडं शेतीत १९८९ला बंद झालं, बीएचसी १९९७ला, एन्डोसल्फान हे कीडनाशकही २०११ला सुप्रीम कोर्टाने थांबवलं. पण डीडीटी मातीत निम्मं व्हायलाच दोन ते पंधरा वर्षं घेतं, आणि त्याचं मोडून जे डीडीई होतं ते त्याहून चिवट.

ही औषधं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, चिकणमातीला आणि कुजलेल्या काडीकचऱ्याला चिकटून बसतात, म्हणून माती जिकडं वाहते तिकडं ती जातात, बांध फुटला की नाल्यात, नाल्यातून तळ्यात. शिवाय आपल्या रानाला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पहिल्या पावसाचं गढूळ पाणी त्यातून सरळ खाली उतरतं. आणि उन्हानं थोडं हवेत उडतं ते वेगळंच, ते पार आर्क्टिकच्या बर्फात सापडलंय!

इथं सगळं छान आहे असं नाही हो. अॅट्राझीन हे तणनाशक जर्मनीने १९९१ला बंद केलं, ते विरघळून खाली गेलं आणि भूजलात आजही सापडतं. फरक एवढाच, इथं तपासतात म्हणून कळतं. आपल्याकडं माती तपासून सरकार जी मृदा आरोग्य पत्रिका देतं, तिच्यात बारा गोष्टी येतात, नत्र, स्फुरद, पालाश, सामू (पीएच) वगैरे, औषधाच्या अवशेषाचा रकानाच नाही. मग शुद्ध झाली हे ठरवायचं कशावरून? ग्रुपवर भांडण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून हा रकाना मागावा असं मला मनापासून वाटतं.

चुलतभाऊ त्या जुन्या खळ्याच्या जागेवर काकडी-भोपळा लावणार होता. नेमकी हीच वेलवर्गीय पिकं मातीतली असली जुनी औषधं मुळातून ओढून घेतात. काल त्याला फोन करून सांगितलं, दादा तिथं वेल नको, पावसाआधी खालचा बांध भरून घे, आणि मातीचा नमुना अवशेष तपासणाऱ्या लॅबला दे, पैसे मी पाठवतो.