‘गाडीचा राजाच काढून टाकला’ या एक-स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिलात, तो तुमचा अधिकार. पण तो वाचून आमच्या जुन्या गिऱ्हाइकांचे फोन यायला लागले, म्हणून इथेच उत्तर देतो.

तुमच्या जुन्या गाडीचं वर्ष आणि आधीचे मालक शोधून आम्ही रिपोर्ट दिला. त्यावर तुमच्या मुख्य तक्रारी तीन. तपासणीच्या नावाखाली रंग खरवडला. मोबाइलवर पाच मिनिटांत निघणाऱ्या माहितीला आम्ही दोन महिने लावले. आणि तुमची मॉरिस मायनर, ही छोटी इंग्लिश गाडी, दक्षिणेतल्या एका संस्थानिकांनी १९४८ मध्ये नवी घेतलेली असताना रिपोर्टमध्ये तसं लिहिलं नाही.

रंगाचं आधी उरकतो. नमुना डिकीच्या रबराखाली आणि डॅशबोर्डच्या मागे, नखाएवढ्या जागेत घेतला. त्याला तुमची लेखी परवानगी आहे आणि आधीचे-नंतरचे फोटो रिपोर्टला जोडलेले आहेत. गाडी रॅलीत उभी केलीत तरी ते कुणाला दिसणार नाही.

आता मोबाइलवरची माहिती. वाहन नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर आजच्या मालकाचं अर्धं झाकलेलं नाव आणि ‘मालक क्रमांक ५’ एवढंच दिसतं. तुमचं आरसी बुक डुप्लिकेट आहे. मूळ पुस्तक हरवलं तेव्हा त्यातल्या ट्रान्सफरच्या नोंदीही त्याच्याबरोबर गेल्या. तुम्ही पाचवे, तुम्हाला गाडी विकणारे चौथे, त्यांच्या आधीचे डोंबिवलीचे गृहस्थ तिसरे. पहिले दोन कोण, हाच तर प्रश्न होता. तो मोबाइलवर सुटत असता तर तुम्ही गाडी वागळे इस्टेटपर्यंत टो करून आणली नसती.

मुख्य मुद्दा राजाचा. मॉरिस मायनर लोकांना पहिल्यांदा दिसली ती लंडनच्या अर्ल्स कोर्ट प्रदर्शनात, ऑक्टोबर १९४८ मध्ये. सांगली, औंध, फलटण वगैरे दक्षिणेतली संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली त्याच वर्षीच्या मार्चमध्ये. कोल्हापूर तेवढं १ मार्च १९४९ ला. म्हणजे ‘१९४८, संस्थानची सरकारी गाडी’ ही गोष्ट तारखांवरच अडखळते. विलीनीकरणानंतर एखाद्या राजेसाहेबांनी स्वतःच्या तनख्यातून घेतली असेल का? घेऊ शकत होते, तनखे १९७१ पर्यंत चालू होते. म्हणून रिपोर्टमध्ये ‘संस्थानिकांची नव्हती’ असं कुठेही नाही. ‘पुरावा आढळला नाही’ असं आहे.

तशीही गाडी १९४८ ची नाहीच. पहिल्या मायनरचे हेडलाइट खाली, पुढच्या जाळीच्या शेजारी असायचे. ते वर मडगार्डमध्ये गेले १९५१ च्या सुमारास. तुमचे वर आहेत. अर्थात मडगार्ड बदलता येतात, म्हणून तेवढ्यावर आम्ही काही लिहिलं नाही. सुरुवातीच्या गाड्यांना ९१८ सीसीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन होतं. तुमच्या गाडीत ८०३ सीसीचं ओव्हरहेड-व्हॉल्व्ह आहे, ते १९५२ पासून आलं, आणि त्याचा नंबर आरसीतल्या नंबराशी जुळतो. पुढची काच दोन तुकड्यांची, म्हणजे १९५६ च्या आतली. चौकड्यांची जुनी जाळी आणि तिच्याच काळाचा डॅशबोर्ड, म्हणजे १९५४ च्या शेवटाच्या आतली. बॅटरी चार्ज करणाऱ्या लुकास कंपनीच्या डायनॅमोच्या अंगावर महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं, तिथे १९५३ निघालं. ट्रिप्लेक्स कंपनीच्या मूळ काचांवरच्या शिक्क्यात अक्षरांलगत बारीक ठिपके असतात, त्यावरून वर्ष काढता येतं. तिथेही तेच. डायनॅमो एकटा खोटं बोलू शकतो, काचही एकटी बोलू शकते, पण इंजिन, जाळी, डायनॅमो आणि काच अशी सगळी मिळून १९५३ म्हणत असतील तर आम्ही १९५३ च लिहिणार.

दारावरच्या राजचिन्हावर तुमचा सगळा भर आहे. ते चिन्ह मरून रंगावर काढलंय. त्या मरूनच्या खाली पुट्टी, तिच्याखाली क्रीम रंग आणि तळाला काळा. मरून हा टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा अलीकडचा पेंट आहे. त्या काळी इथे ड्युको, म्हणजे जुना सेल्युलोज रंग मारायचे. चेसी प्लेटवरच्या नंबरातलं तिसरं अक्षर ‘ए’ आहे, मॉरिसच्या तेव्हाच्या पद्धतीत तिसरं अक्षर रंगाचं आणि ‘ए’ म्हणजे काळा. गाडी कारखान्यातून काळी निघाली, मग कधीतरी क्रीम झाली, बऱ्याच उशिरा मरून झाली आणि त्यानंतर तिला राजघराणं मिळालं. विकणाऱ्याचं वर्णन आणि स्थळाचा बायोडेटा सारखेच वाचायचे असतात साहेब. उंची मोजून घ्यायची.

मग गाडी होती कुणाची? पाटीची सुरुवात ‘बीएम’ने, म्हणजे पासिंग मुंबई शहराचं. मागच्या सीटखाली स्प्रिंगात अडकलेली सर्व्हिसची एक पावती मिळाली. तिच्यावर रकमेच्या रकान्यात ‘नवे पैसे’ छापलंय. दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला आणि ‘नवे’ हा शब्द अधिकृतपणे गेला १९६४ मध्ये, म्हणजे पावती साधारण त्या सात वर्षांतली. पत्ता ‘मुंबई ४’, पिनकोड नाही. पिनकोड आले १९७२ मध्ये. मुंबई ४ म्हणजे गिरगाव, आजचं ४००००४. नावाच्या जागी ‘डॉ.’ स्पष्ट वाचता येतं, पुढचं आडनाव तेलाच्या डागात गेलंय. आणि पुढच्या काचेवर, त्याच १९५३ च्या मूळ काचेवर, डाव्या कोपऱ्यात क्रॉसच्या आकाराचा फिकट ठसा आहे. वर्षानुवर्षं स्टिकर राहिला की काचेवर राहतो तसा.

काळी मॉरिस, गिरगाव, काचेवर क्रॉस. रात्री-अपरात्री व्हिजिटला जाणारे डॉक्टर डोळ्यांसमोर येतात ना? आमच्याही आले. तरी रिपोर्टमध्ये ‘दाट शक्यता’ एवढंच लिहिलं, कारण ते पहिले मालक की दुसरे हे पावती सांगत नाही. तिथे एक ओळ रिकामी आहे. तुम्हाला खटकली ती हीच, आणि तुम्ही फोनवर म्हणालात की ‘संस्थानिकांची असू शकते’ एवढंच वाक्य तिथे घाला, पुढचं मी बघतो. ते वाक्य घातलेला रिपोर्ट उद्या तुमच्याकडून गाडी घेणाऱ्याच्या हातात जाणार, खाली सही आमची. म्हणून नाही म्हणालो आणि आजही नाहीच म्हणतो. फीसुद्धा परत मिळणार नाही, काम झालेलं आहे.

राजा नसल्याने विंटेज नोंदणी अडेल असं तुम्ही लिहिलंय, त्यात काही तथ्य नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली असावीत आणि चेसी, बॉडी, इंजिन मुळात फेरफार न केलेलं असावं. पहिला मालक कोण होता हे कुणी विचारत नाही. नव्याने नोंदणी करणाऱ्याला ‘व्हीए’ मालिकेतला नंबर आणि वीस हजार फी. तुमची गाडी आधीच नोंदलेली असल्याने जुना ‘बीएम’ नंबर तुमच्याकडेच राहू शकतो. फक्त नोंदणीनंतर ती रोज ऑफिसला नेता येणार नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. इंजिनाचा नंबर जुळतोय हे आमच्या रिपोर्टमधलं तुमच्या सर्वांत कामाचं वाक्य आहे. इतक्या वर्षांत इंजिन न बदललेल्या मायनर आमच्याकडे फार कमी येतात. रिव्ह्यूमध्ये त्याचा उल्लेख दिसला नाही.

इंग्लंडमध्ये गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून कारखान्याच्या नोंदींवरून दाखला मिळतो. गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, कुठे पाठवली, हे त्यात येतं. भारतातल्या मालकाचं नाव येत नाही. तो मागवू का असं आम्ही विचारलं होतं, तुम्ही खर्च नको म्हणालात. अजूनही मागवायचा असेल तर त्यांची फी तुमची, कागदपत्रांची मेहनत आमची.

ताडदेव आरटीओकडे जुन्या रजिस्टरमधला उतारा मागणारा अर्जही तयार आहे. डॉक्टरांचं आडनाव मिळालं तर तिथूनच मिळेल. त्यावर मालकाची सही लागते, ती अजून झालेली नाही. पावती प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून ऑफिसात ठेवली आहे, ती तुमचीच आहे. रविवार सोडून कधीही या, दोन्ही कामं एकदमच होतील.

– गॅरेजतर्फे, वागळे इस्टेट, ठाणे