अ‍ॅम्प्लिफायरमधला हम आणि अर्थिंगची पिन कापण्याचा सल्ला

घरी जुळवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरमधला हम, म्हणजे स्पीकरमधून सतत येणारा घुमणारा आवाज, ‘पाच मिनिटांत, शंभर टक्के’ घालवण्याचे उपाय सांगणारा एक संदेश सध्या सगळीकडे फिरतो आहे. प्लगची अर्थिंगची पिन कापा, वीजपुरवठा स्थिर करणारा फिल्टर कपॅसिटर दुप्पट करा, ग्राउंडची (सर्किटच्या शून्य व्होल्टची) प्रत्येक वायर जवळ पडेल तिथे चॅसीला, म्हणजे धातूच्या पेटीला, जोडा, पॉवर कॉर्डवर फेराइटची (चुंबकीय सिरॅमिकची) कडी चढवा, आणि तरीही आवाज राहिला तर ट्रान्सफॉर्मर बदला, असे त्यातले पाच उपाय आहेत. हा संदेश माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला. त्याने ‘पिन कापू का’ असे विचारले असते, तर एका शब्दात उत्तर देऊन मोकळा झालो असतो. त्याने विचारले ते असे, की पिन कापल्यावर आवाज खरोखरच गेला, मग मामा, तुम्ही नाही का म्हणता?

आवाज जातो, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याला जोडलेला संगणक ही दोन्ही उपकरणे अर्थिंगला जोडलेली असतील, तर त्यांच्यामधल्या सिग्नल केबलचे शील्ड (आतल्या तारेभोवतीचे धातूचे जाळीदार आवरण) आणि भिंतीतली अर्थिंगची वायर मिळून एक बंद वेटोळे तयार होते. आसपासच्या ट्रान्सफॉर्मरच्या आणि वायरिंगच्या चुंबकीय क्षेत्रामुळे या वेटोळ्यात ५० हर्ट्झचा प्रवाह वाहू लागतो, शील्डच्या रोधावर थोडे व्होल्टेज पडते, आणि घरगुती ऑडिओच्या साध्या आरसीए केबलमध्ये शील्ड हाच सिग्नलचा परतीचा मार्ग असल्यामुळे ते व्होल्टेज थेट गाण्यात मिसळते. पिन कापली की वेटोळे तुटते आणि हम थांबतो. संदेश लिहिणाऱ्याने एवढेच पाहिले आणि तिथेच थांबून इतरांना शहाणपण वाटायला सुरुवात केली.

अर्थिंगची वायर तिथे कशासाठी आहे, याचा त्याने विचारच केलेला नाही. आतल्या एखाद्या फेजच्या वायरचा टाका सुटून ती धातूच्या पेटीला टेकली, किंवा ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचे (२३० व्होल्टकडच्या वेढ्यांचे) इन्सुलेशन जळाले, तर अर्थिंग शाबूत असताना मोठा प्रवाह त्या वायरने जातो आणि फ्यूज तत्क्षणी उडतो. पिन कापलेली असेल तर प्रवाहाला वाटच नसते, फ्यूज उडत नाही, आणि पेटी २३० व्होल्टवर तशीच बसून राहते. अशा वेळी तिला हात लावणाऱ्याच्या शरीरातून वाहणारा प्रवाह अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन-तीन अँपिअरच्या फ्यूजला जाणवतसुद्धा नाही. माणसाच्या रक्षणासाठी घरात बसवायचा गळतीरोधक स्विच ३० मिलिअँपिअरला तुटेल असा बनवतात, यावरून दोन्ही आकड्यांमधली तफावत लक्षात यावी.

याहून वाईट बाब अशी, की सिग्नल केबल जोडलेली असेपर्यंत हा दोष लपून राहू शकतो, कारण पेटीला तोवर त्या बारीक शील्डमधून आणि संगणकातून उसनी अर्थिंग मिळत असते. शील्ड हे असा प्रवाह वाहण्यासाठी बनवलेले नसते. ते जळेल, सोबत संगणकाचे सॉकेट नेईल, किंवा कोणीतरी सहज केबल उपटेल आणि त्याच क्षणी त्याचा दुसरा हात पेटीवर असेल. ‘विकतच्या कित्येक अ‍ॅम्प्लिफायरना दोनच पिना असतात’ हा संदेशातला युक्तिवादही फसवा आहे. ती उपकरणे दुहेरी इन्सुलेशनची असतात, तसे दाखवणारे चौकोनात चौकोन हे चिन्ह त्यांच्यावर छापलेले असते आणि त्यांची बांधणीच त्या हिशेबाने केलेली असते. घरी पत्र्याच्या पेटीत बसवलेला अ‍ॅम्प्लिफायर त्या वर्गात मोडत नाही.

या प्रश्नाचा उलगडा तीस वर्षांपूर्वीच झालेला आहे, हे पाहून तर चीड येते. ऑडिओ अभियंते नील मन्सी यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या १९९५ च्या नियतकालिकातील लेखात दाखवून दिले, की शील्डमधून प्रवाह वाहणे हा मूळ दोष नसून तो प्रवाह उपकरणाच्या आतल्या सिग्नल ग्राउंडमध्ये शिरू देणे हा दोष आहे. शील्ड आत शिरताक्षणी चॅसीला जोडले, तर तोच प्रवाह बाहेरच्या बाहेर निघून जातो. त्याच तत्त्वावर सोसायटीने २००५ मध्ये एईएस ४८ हे मानक काढले. हे सारे प्रामुख्याने बॅलन्स्ड जोडणीसाठी, म्हणजे सिग्नल दोन वायरींवरून जातो आणि शील्ड वेगळे राहते अशा जोडणीसाठी, आहे आणि आरसीएला जसेच्या तसे लागू होत नाही, हे खरे. परंतु ‘प्रवाह नेमका कोठून जातो ते आधी पाहा’ हा त्यातला धडा आपल्या अ‍ॅम्प्लिफायरलाही पुरतो.

तो धडा आरसीएच्या बाबतीत असा अमलात येतो, की चॅसी अर्थिंगला थेट, नट-बोल्टने, कायमची जोडायची आणि फक्त सिग्नल ग्राउंड व चॅसी यांच्यामध्ये १० ओमचा एक रेझिस्टर घालायचा. शील्डचा रोध ५० मिलिओम धरला, तर वेटोळ्यातले जवळजवळ सगळे व्होल्टेज आता रेझिस्टरवर पडते आणि शील्डच्या वाट्याला दोनशेवा भाग, म्हणजे सुमारे ४६ डेसिबलने कमी येतो. दोष उद्भवल्यास फ्यूज उडेपर्यंत प्रवाहाला वाट मिळावी म्हणून त्या रेझिस्टरला समांतर ३५ अँपिअरचा ब्रिज रेक्टिफायर (चार डायोडचा संच) बसवतात, ज्याची धन आणि ऋण टोके एकमेकांना जोडून एसीची दोन टोके ग्राउंड व चॅसीकडे नेलेली असतात. सोबत ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटरही लावतात. ब्रिजऐवजी १एन४००७ चे बारके डायोड लावून काटकसर करू नये, कारण मोठ्या प्रवाहात तेच आधी उडतील.

मात्र हा खटाटोप करण्याआधी केबल काढून इनपुटचे आरसीए सॉकेट शॉर्ट करून, म्हणजे त्याचा आतला व बाहेरचा धातू जोडून, ऐकावे. हम गेला तर दोष बाहेरच्या जोडणीत आहे. राहिला तर तो पेटीच्या आत आहे, आणि मग अर्थिंगला दोष देण्यात काहीच हशील नाही.

आतल्या दोषावर कपॅसिटर दुप्पट करण्याचा उपाय अर्धवट आहे. १०,००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर २ अँपिअरचा भार असताना १०० हर्ट्झचा रिपल, म्हणजे डीसीवर उरलेला चढउतार, साधारण २ व्होल्ट येतो, आणि कपॅसिटर दुप्पट केल्यावर तो निम्मा होतो, हे गणित बरोबर आहे. पण शांत बसलेला अ‍ॅम्प्लिफायर जेमतेम १०० मिलिअँपिअर घेतो, तेव्हा रिपल व्होल्टच्या दहाव्या भागाइतकाच असतो आणि बरे सर्किट तो सहज दाबते. उलट कपॅसिटर मोठा केला, की वीजपुरवठ्याच्या ब्रिजमधून येणारे चार्जिंगचे झटके अधिक अरुंद आणि उंच होतात. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या १० सेंटिमीटर तांब्याच्या वायरचा रोध १.७ मिलिओम असतो. तिच्यातून १० अँपिअरचा झटका गेला की १७ मिलिव्होल्ट पडतात, आणि तीच वायर इनपुटचे ग्राउंड म्हणून वापरली असेल, तर सिग्नल वीसपट वाढवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरवर ३४० मिलिव्होल्टची गुरगुर ऐकू येते. कितीही मोठा कपॅसिटर ही चूक झाकू शकत नाही. ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि कपॅसिटर यांच्यामधल्या वायर आखूड ठेवून ते वर्तुळ तिथल्या तिथे पूर्ण करावे, आणि सिग्नलसाठीचे ग्राउंड त्यापुढच्या एका बिंदूवरून स्वतंत्र घ्यावे.

ग्राउंड जागोजागी चॅसीला जोडण्याचा सल्ला याच कारणाने उलटा आहे, कारण प्रत्येक जादा जोड म्हणजे पेटीच्या आतच एक नवे वेटोळे. फेराइटची कडी मेगाहर्ट्झच्या उपद्रवावर उपयोगी पडते. ५० हर्ट्झला ती असली काय आणि नसली काय.

ट्रान्सफॉर्मर बदलण्याआधी, तो टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या आकाराचा, असेल तर वीज बंद करून त्याचा बोल्ट ढिला करावा, तो थोडा फिरवून पुन्हा आवळावा आणि ऐकावे. त्याच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा बदलल्याने हम कमी झालेला अनेकदा आढळतो. बोल्टची दोन्ही टोके मात्र एकाच वेळी धातूच्या पेटीला लागू देऊ नयेत, नाहीतर तो एक शॉर्ट झालेला वेढा बनतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. स्पीकर काढूनही पेटीतून घुमणे चालूच असेल, तर तो ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याचा आणि वेढ्यांचा यांत्रिक कंप आहे, आणि त्यावर ग्राउंडचा कोणताही उपाय चालत नाही; तिथे ट्रान्सफॉर्मरखाली रबराची चकती घालावी किंवा तो खरोखरच बदलावा.